आम्ही दोघांनी ठरवलं

२ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार. पत्राच्या डोक्यावर ‘सप्रेम’ लिहावं की नाही, यात बराच वेळ गेला. शेवटी नाही लिहिलं. तुम्ही ते खोडाल आणि पुढचं वाचायच्या आधीच तुमचा पारा चढेल.

अक्षराला हसू नका. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये आहे, हा सगळा डाव्या हाताचा पराक्रम. नर्स म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, बाई, हे भांडण आहे, ते आपलं आपणच करायचं असतं.

माझं सामान मिळालं. दोन खोकी आणि गादीची वळकटी, हॉस्पिटलच्या फाटकावर, चौकीदाराच्या पायाशी. सोबत तुमचा निरोप, ‘आता इकडे येऊ नकोस.’ इतकी वर्षं तुमच्या वरच्या खोलीत राहिले. आले भाडेकरू म्हणून, आणि पुढे माझं ताट तुमच्याच स्वयंपाकघरात मांडलं जायला लागलं. ते सगळं दोन खोक्यांत बसलं, याचं नवल वाटलं. पण एक सांगते. खोकी भरताना तुम्ही माझे स्वेटर नीट घड्या घालून ठेवलेत. संतापलेल्या माणसानं कपडे कोंबायचे असतात, वहिनी. तुम्हाला धड रागावताही येत नाही.

कप्तानांना शेवटचं पोहोचवायला मी आले नाही, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय म्हणे. त्या सकाळी मला भूल दिलेली होती आणि दोन डॉक्टर माझ्या खांद्यात खिळे बसवत होते. हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगताय. सांगा.

मी माफी मागायला हे लिहीत नाहीये, हे आधीच स्पष्ट करते. विमान तळ्यात पडलं, कप्तान गेले, मी वाचले. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी मी जन्मभर रडेन. तिसरीसाठी कुणाचीही क्षमा मागणार नाही. तुमचीही नाही.

धाकटी
(हे नाव कप्तानांनी दिलंय. ते काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही.)


९ ऑगस्ट

वहिनी,

तुमची चिठ्ठी आली. चार ओळी. त्यातल्या तीन वाचून बरं वाटलं, कारण त्या शिव्या होत्या. चौथीनं झोप उडवली.

‘चौकशी कमिटीला सांग की वायरलेस खरखरत होता, परत फिरायचा हुकूम ऐकू आला नाही. एवढं सांग, मग घरी ये.’

वहिनी, वायरलेस ठणठणीत होता. हुकूम मला ऐकू आला, कप्तानांना ऐकू आला. ‘सगळ्या विमानांनी परत या, वारा फिरलाय,’ असं दोनदा सांगितलं गेलं. माझ्या कानात तो आवाज अजून आहे.

तुम्हाला काय हवंय ते मला कळतं. त्यांच्या नावावर डाग नको. लोकांनी म्हणू नये की म्हाताऱ्यानं हट्ट केला आणि मेला. पण ‘ऐकू आलं नाही’ म्हटलं की त्या दिवशी त्यांनी जे केलं ते निव्वळ चुकून घडलं असं होतं. ते चुकून नव्हतं. मी त्यांना बहिरं ठरवणार नाही.

आता दुसरं. परवा ती टोळी येऊन गेली. ज्यांच्यासाठी आम्ही पुन्हा आत शिरलो, ते आग विझवणारे जंगलातले लोक. त्यांचा मुकादम दारात उभा राहिला तर दार दिसेना, एवढा मोठा माणूस. सोबत तिघं. मुकादम माझ्या टेबलावरची बिस्किटं खायला लागला. एकेक बिस्किट खातोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि थांबायचं नाव नाही. पुडा संपल्यावर म्हणाला, “ताई, मी तुमची सगळी बिस्किटं खाल्ली की हो.” मग आम्ही सगळे हसलो, आणि मग सगळेच रडलो. खांदा इतका दुखला की नर्सनं त्यांना हाकलून दिलं.

त्यांना तुमच्याकडे यायचंय. धीर होत नाही. मी म्हटलं, जा, फार तर दार आपटेल. मी सामानासकट बाहेर पडलेय, मला अनुभव आहे.

धाकटी


१६ ऑगस्ट

वहिनी,

तुमच्यासारखंच आणखी एकाला माझ्याकडून खोटं हवंय. आमच्या वनखात्याचे वकील येऊन गेले.

गोड माणूस. खुर्ची ओढून बसले, हाताची चौकशी केली, आईची चौकशी केली. मग म्हणाले, “तुमचं वय काय, पुढे केवढी वर्षं उडायची आहेत. कप्तान अनुभवी होते, वयानं मोठे होते, त्यांचं ऐकणं तुम्हाला भागच होतं. हो ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“म्हणजे, तुम्ही त्यांना म्हणाला असाल ना, की परत फिरू या?”

“नाही म्हणाले.”

“आठवून बघा. डोक्याला मार बसला होता तुमच्या. अशा वेळी माणूस विसरतो.”

“साहेब, मार खांद्याला बसलाय. डोकं जिथल्या तिथे आहे.”

त्यांचं म्हणणं असं. कप्तानांनी हुकूम मोडला, मी विरोध केला, त्यांनी ऐकलं नाही. एवढं मी लिहून दिलं की माझं लायसन्स शाबूत, हात बरा झाला की पुन्हा विमानात. आणि प्रकरण मिटलं. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काही नाही.

मी विचारलं, “आणि इंजिनाचं काय?”

“इंजिनाचा काय संबंध?”

“डावं इंजिन बंद पडलं म्हणून आम्ही पडलो. ते तळ्याच्या तळाशी आहे. वर काढा आणि बघा.”

ते हसले. “एवढ्या धुरात, राखेत नेलंत, बंद पडणारच. ते वर काढायची गरज कमिटीला वाटत नाही.”

का वाटत नाही ते मी तुम्हाला सांगते. गेल्या हिवाळ्यात समुद्रावर गस्त घालताना लष्कराचं एक विमान पाण्यात उतरवावं लागलं होतं, आठवतं? आमच्याच जातीचं, दोन इंजिनांचं. त्याचंही इंजिन असंच हवेत बंद पडलं. त्या दिवशी समुद्र शांत होता म्हणून सगळे जिवंत परतले. पक्षी धडकला म्हणून सांगितलं गेलं. कप्तान ते ऐकून जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, “इतक्या लांब समुद्रात पक्षी काय करत होता, फिरायला आला होता?” तुम्ही त्यांना म्हणालात, जेवताना विमान नको. आता आमच्याही विमानात तेच निघालं तर त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर बसवावी लागतील. लष्कराची गस्तीची आणि खात्याची आगीची, दोन्ही. भर आगीच्या हंगामात. त्यापेक्षा एका मेलेल्या कप्तानाचा हट्ट केव्हाही परवडतो.

मी वकिलांना म्हटलं, “मी कमिटीसमोर येईन आणि जे झालं ते सांगेन.”

“मग तुमचंही लायसन्स जाईल. हुकूम तुम्हीही मोडला असं होईल.”

“होईल काय, मोडलाच. आम्ही दोघांनी ठरवलं.”

त्यांनी खुर्ची जागेवर ठेवली. जाताना आईची चौकशी केली नाही.

तेव्हा तुम्ही एकीकडून, ते दुसरीकडून. तुम्हाला हवंय की त्यांना ऐकू आलं नाही, खात्याला हवंय की मला पटलं नाही. दोघांनाही माझ्याकडून काही मिळणार नाही.

धाकटी


२१ ऑगस्ट

वहिनी,

मुकादम आणि त्याची माणसं तुमच्याकडे जाऊन आली. तुम्ही दार आपटलं नाही. आत बसवलंत, असं तो म्हणाला. “बाई आमच्याकडे नुसत्या बघत होत्या, जसं काही मोजतायत.” मला वाटतं तुम्ही खरंच मोजत असाल. चौघं जिवंत समोर, आणि एक नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कुणी सरळ सांगितलेलं नाही. मीही नाही. आता सांगते. कमिटीपुढे हेच सांगायचंय, त्याची तालीम समजा.

आमची म्हैस तुम्ही लांबूनच पाहिलीत. कधी आत बसायला तयार झाला नाहीत. बोजड, रुंद पोटाची, पाणी दिसलं की तिकडेच ओढ घेणारी, म्हणून कप्तानांनी तिला म्हैस म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळा तळ म्हणायला लागला. मुळात ती समुद्रावर पहारा करायला बनवलेली. लष्करानं जुनी झालेली विमानं आमच्या खात्याला दिली, पोटात टाकी बसवली. तळ्यावरून पोट घासत जायचं, टाकी भरायची, आगीवर जाऊन ओतायची, पुन्हा तळं. कप्तान म्हणायचे, मी लष्कर सोडलं पण म्हैस माझ्या मागे मागे आली.

दुपारपर्यंत आम्ही बऱ्याच फेऱ्या मारल्या होत्या. टाकी भरून वर आलो आणि वारा फिरला. परत फिरायचा हुकूम आला. बाकीची विमानं वळली. आम्हीही वळलो, वहिनी. हे लक्षात ठेवा. आम्ही वळलो होतो.

तेवढ्यात वायरलेसवर खालून मुकादमाचा आवाज आला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना आग, मधे त्यांचा ट्रक, ट्रकभोवती ते सगळे. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर कदाचित आम्ही गेलो नसतो. तो शांतपणे म्हणाला, “एकच वेळ ओता, आम्ही पळू.”

कप्तानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं वाक्य होतं, “काय म्हणतेस, धाकटी?” पण ते पूर्ण व्हायच्या आधी मी म्हटलं, “जाऊ.”

हे मी आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. भीती वाटली म्हणून नाही. तुम्ही ते वाचून म्हणाल, हिनं नेलं त्यांना. म्हणा. पण त्यांना कुणी कुठे नेऊ शकत होतं का? मी ‘नको’ म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथल्या तिथे समजावलं असतं. मी ‘जाऊ’ म्हटलं तेव्हा ते नुसते मान हलवून म्हणाले, “पट्टा आवळ.”

आम्ही रस्त्याच्या रेषेवर अचूक ओतलं. ती ओंजळ जिथे पडायला हवी होती तिथेच पडली. वाफेतून ट्रक बाहेर पडलेला मी पाहिला. कप्तानांनीही पाहिला. ते ओरडले, “पळाले!” इतका आनंदी आवाज त्यांचा मी कधीच ऐकला नव्हता.

मग डावं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तोवर आम्ही धुरातून बाहेर आलो होतो, वहिनी. स्वच्छ हवेत होतो. म्हैस एका इंजिनावर उडते, पोट रिकामं होतं, पण समोर डोंगर होता आणि पाठीवर वारा. त्यांनी विचारलं, “तळं दिसतंय का?” मी म्हटलं, “दिसतंय.” म्हणाले, “मग झालं.” आणि खरंच त्यांनी तिला तळ्यापर्यंत आणलं. शेवटच्या क्षणी डावा पंख पाण्याला लागला आणि त्यांची बाजू आधी आदळली.

मी माझा पट्टा सोडला, त्यांचा सोडला. पट्टा सुटला, ते सुटले नाहीत. ते आधीच गेले होते असं डॉक्टर म्हणतात. माझ्या समाधानासाठी म्हणत असतील. मी पुन्हा विचारलं नाही.

आणखी एक, जे बहुधा तुम्हाला माहीत नाही. कप्तानांनी लष्कर का सोडलं? ‘कंटाळा आला’ असं त्यांनी तुम्हाला सांगितलं, आणि त्या कंटाळ्यापायी समुद्राकाठचं घर गेलं म्हणून तुम्ही अजून त्यांच्यावर चिडता. मला त्यांनी एकदा तळ्याच्या काठावर बसून सांगितलं. गस्तीवर असताना धुक्यात त्यांचं विमान पाण्याला टेकलं आणि उलटलं. त्यांचा इंजिनियर बुडाला. एवढ्या धुक्यात खाली जायचा हुकूम वरून आला होता. चौकशीत सगळं त्या मेलेल्या इंजिनियरच्या नावावर टाकायचं ठरलं. कप्तानांनी फक्त मान डोलवायची होती, पुढची बढती तयार होती. ते उठून म्हणाले, हुकूम कुणाचा होता ते मी सांगतो. आणि सांगितलं. महिन्याभरात त्यांना राजीनामा द्यायला लावला.

“मेलेला माणूस उत्तर देत नाही ना,” ते मला म्हणाले, “म्हणून सगळे त्याच्याशीच बोलतात.”

आता तुम्हीच सांगा, त्यांच्याच बाबतीत मी मान डोलवू?

धाकटी


३० ऑगस्ट

वहिनी,

उद्या सुनावणी. प्लास्टर निघालं, हात काठीसारखा बारीक झालाय. युनिफॉर्म घालून जाणार आहे. वकिलांनी ‘साधे कपडे बरे’ म्हणून सुचवलं, म्हणून मुद्दाम.

आईचा फोन आला होता. म्हणाली, “कशाला शहाणपणा करतेस? हो म्हण आणि सुटून ये.” मी म्हटलं, “आई, मी सुटलेलीच आहे. बाकीचं राहिलंय.” ती रडली. तिच्यावर ओरडता येत नाही, म्हणून तुमच्यावर ओरडते.

तुम्ही येणार नाही हे मी धरून चाललेय. आलात तर मागे बसा. समोर बसलात तर मला बोलता येणार नाही, आणि ते मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.

धाकटी


४ सप्टेंबर

वहिनी,

सुनावणी संपल्यावर मी तुम्हाला बाहेर शोधलं. व्हरांड्यात, जिन्यात, रस्त्यावर. तुम्ही निघून गेला होतात. म्हणून जे तोंडावर बोलायचं होतं ते इथे.

तुम्हाला मागून काय दिसलं मला माहीत नाही. पुढून असं होतं. तिघांची कमिटी, मधे अध्यक्षबाई, केस घट्ट बांधलेल्या, कुणाकडेही न बघता पेन फिरवणाऱ्या. मी सगळं सांगितलं, तालमीप्रमाणे. हुकूम ऐकला. वळलो. हाक ऐकली. पुन्हा वळलो. अध्यक्षबाईंनी विचारलं, “हा निर्णय कप्तानांचा होता ना?”

“दोघांचा.”

“पण विमानाची जबाबदारी त्यांची.”

“विमानाची त्यांची, बाई. ‘जाऊ’ हा शब्द माझा.”

वकील उठले. म्हणाले, साक्षीदार भावनेच्या भरात आहे, कप्तानांना वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेतेय, शिवाय वायरलेसवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तपासलं तर आवाज अस्पष्ट आहे. म्हणजे बघा, गरज पडल्यावर खरखर त्यांनाही आठवली! मला क्षणभर वाटलं, आता संपलं. अस्पष्ट आहे म्हणतील, अर्धवट काहीतरी लिहितील, आणि इंजिन तळ्यातच राहील.

आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कोसळले असते. फक्त आवाज ऐकला.

“तुम्ही कोण?” अध्यक्षबाई.

“मी त्यांची बायको.”

“तुमचं नाव साक्षीदारांत नाही.”

“नसू दे. नाव नसलं तरी मी आहे.”

मग तुम्ही जे बोललात ते मी शब्दाशब्दानं लक्षात ठेवलंय. म्हणालात, “अशीच एक खोली आधीही होती. मी बाहेर बाकावर बसले होते. हे आत गेले आणि खरं बोलून बाहेर आले. आमचं घर गेलं, समुद्र गेला. मी कितीतरी दिवस यांच्याशी धड बोलले नाही. या वेळी मीच या पोरीला खोटं बोलायला सांगितलं. तिनं माझं ऐकलं नाही. वायरलेस चांगला चालत होता, बाई. यांना ऐकू आलं होतं. यांना घरातही सगळं ऐकू यायचं. ऐकायचे नाहीत, एवढंच.”

सगळी खोली हसली. अध्यक्षबाईसुद्धा. आणि मी, जी कमिटीपुढे रडायचं नाही असं ठरवून आले होते, युनिफॉर्मची बाही नाकाला लावून हमसून हमसून रडले. चांगली शोभा झाली.

तर तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून सगळं माहीत होतं. ‘कंटाळा आला’ ही थाप त्यांनी तुम्हाला मारली असं मी समजत होते, आणि ती तुम्ही दोघांनी मिळून जगाला मारलेली होती. आणि मी शहाणी, तुम्हालाच गोष्ट सांगत बसले.

तुम्ही पुढे एक वाक्य म्हणालात, तेव्हा कुणी हसलं नाही. “ते गेले ते हुकूम मोडून गेले असं लिहा. पण कशासाठी मोडला तेही त्याच ओळीत लिहा. आणि ते इंजिन वर काढा. नाहीतर पुन्हा कुणाची तरी बायको बाकावर बसणार आहे.”

निकाल यायला वेळ आहे. माझं लायसन्स जाणार हे नक्की. तुम्ही निघून का गेलात ते मी विचारणार नाही.

धाकटी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र पोहोचलं. चांगली दोन पानं! त्यात शिव्या कमी आणि प्रश्न जास्त, म्हणून तब्येतीची काळजी वाटली.

निकाल तुम्हीही वाचलाच असेल. हुकूम दोघांनी मिळून मोडला, खाली अडकलेल्या माणसांना वाचवण्यासाठी. तुम्ही म्हणालात तसं, एकाच ओळीत. मला एक वर्ष उडायची बंदी. तळ्यातून इंजिन निघालं, आणि तेलाची नळी आतून तुटलेली सापडली. मग कुणीतरी समुद्रातल्या त्या दुसऱ्या विमानाचं इंजिन पुन्हा उघडलं. तिथेही तीच नळी. पक्षी बिचारा उगाच बदनाम झाला. आता त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर आहेत, नळ्या बदलल्याशिवाय एकही उडणार नाही. लष्करातले, खात्यातले, सगळे मला शिव्या घालतायत. तळावर गेले तर दोघांनी तोंड फिरवलं आणि एका गस्तीच्या पायलटनं, ज्याला मी ओळखत नाही, माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

तुम्ही विचारलंय, बंदीच्या वर्षात काय करणार? आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, पुन्हा उडणार का?

पहिल्याचं उत्तर, मुकादमाच्या टोळीत भरती होतेय. हसू नका. कुऱ्हाड उचलण्याइतका हात झालाय.

दुसऱ्याचं, हो. तुम्हाला पटो न पटो.

धाकटी


११ जून

वहिनी,

आज पहिली मोठी आग लागली. थकून अंग ठणकतंय, पण हे आजच लिहायला हवं.

आम्ही उतारावर होतो, मी, मुकादम, आणि ते तिघं जे तुमच्या घरी येऊन गेले. सुक्या झुडपांची पट्टी कापत होतो. वाऱ्यानं दगा दिला आणि आग आमच्या बाजूला वळली. मागच्यासारखं नाही, रस्ता मोकळा होता, पण झळ तोंडावर आली. मुकादमानं वायरलेस काढला. तोच शांत आवाज. “एकदा ओता.” या वेळी मी त्याच्या शेजारी उभी होते.

आणि म्हैस आली. आमची तळ्यात गेली ती नाही, तिच्याच जातीची दुसरी. नव्या नळ्या घातलेली, दोन्ही इंजिनं एका सुरात. मी हजारदा अशा म्हशीच्या आत बसलेय, पण खालून कधी पाहिली नव्हती. आतून ती किती छोटी वाटते, आपण, खिडकी, पुढचा धूर. खालून आभाळ झाकून टाकते, वहिनी. झाडांचे शेंडे वाकतात. पोट उघडतं, आणि मग पाणी पडताना आधी काहीच ऐकू येत नाही, आणि एकदम सगळं ओलं, गार, श्वास परत.

मी चिखलात आडवी झाले. मुकादम माझ्या शेजारी, चेहराभर राख आणि पाणी. ओरडून म्हणाला, “कळलं का आता ताई, आम्ही बिस्किटं का खाल्ली?”

कळलं. आम्ही काय केलं ते मी कमिटीला सांगितलं, पण ते मला स्वतःला आज कळलं. वरून तो एक थेंबासारखा ट्रक होता. खालून ते असं होतं. कप्तानांनी जे चार जणांना दिलं ते असं होतं, आणि त्यांना ते कधी खालून बघायला मिळालं नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. कुणाला तरी माहीत असायला हवं.

विमान वळून तळ्याकडे गेलं. परत फिरायचा हुकूम कुणी दिला नव्हता, वाराही पडला होता. मी चिखलात पडूनच तिचं इंजिन ऐकत राहिले, दोन्ही, अगदी आवाज डोंगरामागे जाईपर्यंत. मग उठले. पट्टी अर्धीच कापून झाली होती.

बंदी संपली की मी पुन्हा परीक्षा देणार आहे. पास होणार आहे. आणि खालून कुणी तशी हाक मारली, तर आत जाणार आहे. हे मी तुमची परवानगी मागायला लिहीत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितेय. नंतर कुणी विचारलं, तर तुम्ही उठून सांगाल, हिला ऐकू आलं होतं.

सप्रेम,
धाकटी